मिठासाठी राखलेलं कुंपण

मे महिन्यात सोसायटीतल्या मेंदीच्या कुंपणाची छाटणी चालू होती. मी माळीकाकांना म्हटलं, "काका, एकदाच खोलवर कापून टाका ना."

"उन्हाळ्यात वरवरच हात फिरवायचा, दादा. आतली पानं उघडी पडली की करपतात."

आठवड्याला पाणी, महिन्याला कात्री. एवढ्याशा कुंपणाला इतकं लागतं, मग इंग्रजांनी शेकडो मैलांचं कुंपण कसं जगवलं असेल?

बंगाल प्रांतात मिठावर जबर कर होता. पश्चिमेकडचं स्वस्त मीठ तिकडे चोरून जाऊ नये म्हणून सरकारने चौक्यांची एक रेषा आखली. १८६९ च्या सुमारास ती सिंधू नदीपासून महानदीपर्यंत, म्हणजे सुमारे २,३०० मैल पसरली होती. तिच्यावर जवळपास १२ हजार माणसं नेमलेली होती. तिचा कुंपणाचा भाग दक्षिणेला बुऱ्हाणपूरपर्यंत, म्हणजे पार आपल्या खानदेशाच्या उंबरठ्यापर्यंत येत होता.

आधी हे कुंपण वाळलेल्या काट्यांचं होतं. एका मैलाला सुमारे २५० टन काटे लागत. वाळवी, वणवा आणि वादळं यांमुळे दरवर्षी निम्मं कुंपण नव्याने घालावं लागे. १८६७ मध्ये सीमाशुल्क आयुक्त झालेल्या ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी जिवंत कुंपणावर भर दिला. बाभूळ, बोर, करवंद, निवडुंग. जिथे जमीन निकस होती तिथे चर खणून चांगली माती भरली, पाण्यासाठी विहिरी खोदल्या. काही ठिकाणी कुंपण १२ फूट उंच आणि १४ फूट जाड झालं. हेच ह्यूम पुढे १८८५ मध्ये मुंबईत काँग्रेसच्या स्थापनेत पुढे होते.

मला खटकतं ते वेगळंच. उन्हात राबणाऱ्याच्या अंगातून घामावाटे मीठ जातं, त्याला ते जास्त लागतं. त्याच उन्हाळ्यात सरकार विहिरी खोदून काटेरी झाडं जगवत होतं, कशासाठी, तर त्याला स्वस्त मीठ मिळू नये म्हणून. झाडांची निगा चोख होती. माणसाचा हिशोब मात्र कुणी धरला नव्हता.

१८७० च्या दशकात सांभर सरोवरासारखी मिठाची ठिकाणंच सरकारच्या ताब्यात आली. कर उगमापाशीच वसूल होऊ लागला आणि प्रांतांमधल्या दरांतली तफावतही कमी झाली. १८७९ मध्ये रेषा सोडून दिली. निगा थांबली आणि कुंपण विरत गेलं. १९९० च्या दशकात रॉय मॉक्सहॅम हा इंग्रज लेखक ते शोधत फिरला, तेव्हा त्याला इटावा जिल्ह्यात जेमतेम एक तुकडा सापडला. ह्यूम पूर्वी याच इटाव्याचे कलेक्टर होते.

कुंपण गेलं, पण मिठावरचा कर १९४७ पर्यंत टिकला. कुंपणाला रोज पाणी घालावं लागतं. कराला लागत नाही.