निळा डाग, हिरवा डाग

परदेशातून आलेल्या शेंगदाण्याचा नमुना प्रयोगशाळेत पोचला, की सगळ्यात आधी तपासतात ते अफ्लाटॉक्सिन. किलोभर दाण्यांत या बुरशीजन्य विषाचे किती मायक्रोग्रॅम आहेत, यावर जहाजातली शेकडो पोती देशात येणार की परत फिरणार हे ठरते. ही तपासणी आज इतकी अंगवळणी पडली आहे, की ती पहिल्यापासूनच असावी असे वाटते. प्रत्यक्षात 1960 पूर्वी या विषाला नावही नव्हते. त्याची चाचणी जन्माला आली ती इंग्लंडमधल्या टर्की पक्ष्यांच्या खुराड्यांतून.

1960 च्या उन्हाळ्यात दक्षिण आणि पूर्व इंग्लंडमध्ये टर्कीची पिल्ले पटापट मरू लागली. धडधाकट दिसणारे पिल्लू खाणे सोडायचे, पंख गाळून बसायचे आणि थोड्याच दिवसांत मान मागे ताणून प्राण सोडायचे. काही महिन्यांत एक लाखाहून अधिक पिल्ले गेली. पाठोपाठ बदकांची आणि फेझंटची पिल्लेही मरू लागली. पशुवैद्यांना वाटले, विषाणूची साथ असावी. पण एका पक्ष्याचा रोग दुसऱ्याला लागत नव्हता. शवविच्छेदनात प्रत्येक वेळी यकृतच खराब झालेले निघे. एखाद्या विषारी वनस्पतीचा अंश खाद्यात आला असेल, म्हणून तोही शोधून झाला. कारण हाती लागेना, तेव्हा रोगाला ‘टर्की एक्स’ असे नाव पडले.

मग तपास खाद्याकडे वळला. जिथे पिल्ले मेली, तिथल्या खाद्यात एक घटक समान होता: ब्राझीलहून जहाजाने आलेली शेंगदाण्याची पेंड. तेल काढून उरलेली ही पेंड प्रथिनांनी भरलेली आणि स्वस्त, म्हणून युरोपातले कारखाने ती पशुखाद्यात सढळ हाताने घालत. पुढे पूर्व आफ्रिकेच्या शेंगदाण्यातही तोच दोष आढळला, म्हणजे गोष्ट एका देशाच्या मालापुरती नव्हती. 1961 मध्ये पेंडीतल्या गुन्हेगाराची ओळख पटली. ॲस्परजिलस फ्लेवस नावाची हिरवट-पिवळी बुरशी हे विष तयार करत होती. तिच्याच नावाची अक्षरे जोडून विषाला अफ्लाटॉक्सिन म्हणू लागले.

विष आहे हे कळले, तरी एखाद्या पेंडीत ते आहे की नाही हे सांगायचे कसे? पहिली चाचणी जिवंत प्राण्यावर झाली. एक दिवसाच्या बदकाच्या पिल्लाला संशयित पेंडीचा अर्क काही दिवस द्यायचा आणि नंतर त्याचे यकृत सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे. विष असेल तर पित्तनलिकांच्या पेशी वेड्यावाकड्या वाढलेल्या दिसत. चाचणी भरवशाची होती, पण दर नमुन्यामागे पिल्लांचा बळी जाई आणि उत्तराला दिवसच्या दिवस लागत. वेब्रिजची मध्यवर्ती पशुवैद्यकीय प्रयोगशाळा आणि लंडनची ट्रॉपिकल प्रॉडक्ट्स इन्स्टिट्यूट या संस्थांतले शास्त्रज्ञ त्यामुळे रासायनिक खुणेच्या शोधात होते. ती खूण त्यांना अंधाऱ्या खोलीत सापडली. अर्काचा थेंब कागदावर, पुढे काचेवर थापलेल्या सिलिकाच्या पातळ थरावर ठेवून द्रावक वर चढू दिला, की त्यातले घटक वेगवेगळ्या उंचीवर थांबत. त्यावर अतिनील दिवा धरला की विषाचे डाग उजळून निघत, काही निळे, काही हिरवे. निळ्यांना बी, हिरव्यांना जी म्हटले आणि वरच्या-खालच्या डागांना 1 आणि 2 हे आकडे दिले. बी1, बी2, जी1, जी2 ही नावे आजच्या प्रत्येक अहवालात आहेत. त्यांतले बी1 सर्वांत घातक. ज्याला काही काळ नुसते ‘एक्स’ म्हणावे लागले, ते आता डोळ्यांना दिसू लागले आणि डागाच्या तेजावरून त्याचे प्रमाणही काढता येऊ लागले.

तोवर प्रश्न टर्कीपुरता उरला नव्हता. 1961 मध्येच त्या ब्राझीलच्या पेंडीवर वाढवलेल्या उंदरांच्या यकृतात कर्करोगाच्या गाठी आढळल्या. 1963 मध्ये अमेरिकेत एमआयटीतल्या संशोधकांनी विषाची रासायनिक रचना उलगडली. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये दिसून आले, की विषारी पेंड खाणाऱ्या गाईच्या दुधातही हे विष थोडे रूप बदलून उतरते. दुधातल्या या रूपाला एम1 म्हणतात. पोती पेंडीची असोत नाहीतर दाण्यांची, त्यांची वाट शेवटी माणसाच्या ताटापर्यंत जात होती. पुढे 1987 मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने अफ्लाटॉक्सिनला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले.

आता मर्यादा ठरवणे आले. मर्यादेच्या आकड्यामागे विज्ञान असतेच, पण भूकही असते, हे इथे ठसठशीत दिसते. साठच्या दशकात गरीब देशांतल्या कुपोषित मुलांना शेंगदाण्याचे प्रथिनयुक्त पीठ देण्याच्या योजना चालू होत्या. 1966 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या प्रथिनविषयक सल्लागार गटाने त्या पिठासाठी किलोमागे 30 मायक्रोग्रॅमची मर्यादा सुचवली. मर्यादा फार कडक केली तर मुलांच्या तोंडचा घास जाईल, ही चिंता त्यामागे होती. अमेरिकेने 20 हा आकडा धरला. युरोपीय संघाने थेट खाण्याच्या शेंगदाण्यासाठी एकूण 4 आणि त्यात बी1 फक्त 2 इतकी कडक मर्यादा घातली. भारतात पूर्वी सर्व अन्नपदार्थांना सरसकट 30 ची मर्यादा होती. आता प्रक्रियेसाठी जाणाऱ्या दाण्यांना 15 आणि थेट खायच्या दाण्यांना 10 आहे. एक मायक्रोग्रॅम प्रतिकिलो म्हणजे अब्ज भागांत एक भाग. इतक्या बारीक फरकावर आज हजारो टन मालाचे नशीब ठरते.

या चाचणीत सर्वांत अवघड काय, असे प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांना विचारले तर ते यंत्राचे नाव घेणार नाहीत, नमुन्याचे घेतील. बुरशी पोत्यात सगळीकडे सारखी पसरत नाही. हजारो दाणे निर्मळ असतात आणि एखादाच विषाने भरलेला. साठच्या दशकातच एकेका दाण्याची तपासणी झाली, तेव्हा काही दाण्यांत दहा लाख मायक्रोग्रॅम प्रतिकिलो एवढे विष आढळले. हिशेब मांडून पाहा. असा अर्ध्या ग्रॅमचा एकच दाणा 10 किलो स्वच्छ दाण्यांत मिसळला, तर त्या सगळ्या 10 किलोंची सरासरी 50 वर जाते, म्हणजे कुठल्याही देशाच्या मर्यादेबाहेर. तो एक दाणा नमुन्यात आला नाही, तर तीच खेप निर्दोष ठरते. म्हणून वरच्या पोत्यातून मूठभर दाणे उचलून चालत नाही. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानक संस्थेच्या पद्धतीनुसार मोठ्या खेपेतून जागोजागी सुमारे 200 ग्रॅमच्या शंभर मुठी घ्यायच्या, त्यांचा 20 किलोंचा ढीग करायचा आणि तो बारीक दळून एकजीव झाल्यावरच त्यातला चाचणीपुरता भाग उचलायचा. नमुना घेणाऱ्या माणसाने कंटाळा केला, तर पुढच्या सगळ्या यंत्रांची अचूकता वाया जाते.

यंत्रे मात्र खूप पुढे गेली. दळलेल्या दाण्यांतून मिथेनॉल आणि पाण्याच्या मिश्रणाने विष बाहेर काढतात आणि तो अर्क गाळून एका छोट्या नळीतून सोडतात. नळीत अफ्लाटॉक्सिनलाच धरून ठेवणारी प्रतिपिंडे बसवलेली असतात. बाकीचा गाळ वाहून जातो, विष अडकून राहते आणि शुद्ध मिथेनॉलने ते सोडवून घेता येते. पुढे एचपीएलसी यंत्रात चारही रूपे वेगळी होतात आणि अतिनील प्रकाशात कोण किती चमकते ते संवेदक मोजतो. बी1 आणि जी1 यांची चमक तिथे फिकी पडते, म्हणून आयोडीन, ब्रोमीन किंवा प्रकाशाची प्रक्रिया करून ती वाढवतात. बदकाचे पिल्लू गेले, काचेची पट्टीही बहुतेक ठिकाणी गेली, तरी या पद्धतीचा पाया तोच राहिला आहे: अंधारात उजळणारा निळा आणि हिरवा प्रकाश.

या कुळकथेतले एक पान आपल्या शेजारचे आहे. 1974 च्या अखेरीस राजस्थानातला बांसवाडा आणि गुजरातमधला पंचमहाल या लगतच्या जिल्ह्यांतल्या आदिवासी गावांत माणसांना कावीळ होऊ लागली, पोटात पाणी होऊ लागले. घरातले उरलेसुरले खाणारी कुत्रीही त्याच आजाराने मरत होती. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी 397 रुग्णांची नोंद केली. त्यांतले 106 दगावले होते. कापणीच्या वेळी झालेल्या अवकाळी पावसात भिजलेला मका लोक खात होते. त्या मक्यात किलोमागे सहा हजारांपासून पंधरा हजारांपर्यंत मायक्रोग्रॅम अफ्लाटॉक्सिन निघाले. बुरशीचा मका खाऊ नये हे त्यांना कळत नव्हते असे नाही. घरात दुसरे धान्य नव्हते. टर्कीच्या पिल्लांनंतर चौदा वर्षांनी, विषाचे नाव, रचना आणि चाचणी सगळे हाती असताना ही माणसे गेली. ज्ञान होते, पण त्या गावांच्या वाटेवर कुठे तपासणी नव्हती.

हा फरक अजून पुरता मिटलेला नाही. शेंगदाणा युरोपला पाठवायचा असेल तर अपेडा या सरकारी कृषी निर्यात संस्थेच्या ‘पीनट डॉट नेट’ व्यवस्थेत खेपेची नोंद करावी लागते, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत अफ्लाटॉक्सिनची चाचणी होते आणि मगच प्रमाणपत्र मिळते. बाहेरून येणाऱ्या मालाचे नमुने न्हावाशेवासारख्या बंदरांवर घेतले जातात. मात्र बाजार समितीत उतरणारा, किराणा दुकानात सुटा विकला जाणारा आणि घाण्यावर गाळला जाणारा दाणा अशा चाळणीतून क्वचितच जातो. कायद्यातली मर्यादा त्यालाही लागू आहे. महाराष्ट्रात भाजीला, आमटीला, उपवासाच्या खिचडीला कूट लागतो आणि पेंड दुभत्या जनावरांच्या गव्हाणीत जाते. इतक्या घरांत रोज पोचणाऱ्या दाण्यासाठी जलद चाचणीच्या पट्ट्या आणि नमुने घेणारी प्रशिक्षित माणसे प्रत्येक मोठ्या बाजार समितीत असायला हवेत. हे तंत्र आता महागही नाही आणि अवघडही नाही. परदेशी ग्राहकासाठी आपण जी काळजी घेतो, ती आपल्या माणसांसाठीही घेतली पाहिजे.

तोवर आपल्या हाती काही गोष्टी नक्की आहेत. शेतकऱ्याने शेंगा काढल्यावर त्या दाण्यातला ओलावा 8 टक्क्यांच्या आत येईपर्यंत वाळवाव्यात आणि भिजलेल्या, फुटलेल्या शेंगा वेगळ्या काढाव्यात. घाणेवाल्याने दाणा निवडूनच घाण्यात घालावा, कारण रिफाइंड तेलात अल्कलीच्या प्रक्रियेने हे विष बहुतेक निघून जाते, घाण्याच्या तेलावर ती प्रक्रिया होत नाही. खराब निघालेला दाणा जनावरालाही घालू नये, नाहीतर तो दुधातून परत येतो. आणि घरात दाणे निवडताना पोचट, सुरकुतलेला, काळवंडलेला किंवा बुरशी धरलेला दाणा दिसला, तर तो भाजून वापरू नका. भाजल्याने हे विष थोडे कमी होते, नाहीसे होत नाही. असा दाणा सरळ फेकून द्या.