रस्त्याची पाणीपट्टी

नीरा डाव्या कालव्याचे आवर्तन सुटले, की बारामती-इंदापूरकडे एकच चर्चा असते : शेपटापर्यंत पाणी पोचणार का? बावड्याच्या शाळेतील मुलांना हे वेगळे शिकवावे लागत नाही. वरच्या अंगाच्या प्रत्येकाने हवे तेव्हा, हवे तेवढे पाणी घेतले तर खालच्याचे पीक वाळते. म्हणून पाळी ठरते आणि पाणीपट्टी आकारली जाते. शहरातील रस्ता हाही असाच एक कालवा आहे. तेथे मात्र पाळी नाही आणि पट्टीही नाही. मोटारवाला स्वतःचे पेट्रोल मोजतो. पण त्याच्या मोटारीने अडलेल्या जागेमुळे मागच्या बसमधल्या पन्नास-साठ जणांची खोटी होते, ती कोणाच्या हिशेबात धरायची? गर्दीच्या वेळी रस्ता वापरणाऱ्याकडून जादा पैसे घ्यावेत, असा विचार मांडणारे विल्यम व्हिक्री यांना १९९६ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

अशा शुल्काला पहिला विरोध व्यापाऱ्यांचा होणार, असे आपण धरून चालतो. इतिहास इतका सरळ नाही.

मुंबईचेच पाहा. ९ मे १८७४ रोजी तेथे घोड्यांच्या ट्राम सुरू झाल्या, त्या एका खासगी कंपनीने चालवल्या. पुढे १९०५ मध्ये वीज आणि ट्राम या दोन्हींचा धंदा एका कंपनीकडे आला आणि १९०७ मध्ये विजेवरची ट्राम धावली. बसगाड्या आल्या १९२६ मध्ये. ७ ऑगस्ट १९४७ रोजी महापालिकेने ही कंपनी ताब्यात घेतली. तीच 'बेस्ट'. वीज आणि वाहतूक एका घरात नांदत असल्याने पुढे वाहतुकीतील तूट विजेच्या उत्पन्नातून भरून निघू लागली. म्हणजे शहर बेटावरील दुकाने आणि कचेऱ्या विजेच्या बिलातून, बहुधा नकळत, आपल्याच नोकरांच्या बसप्रवासाला हातभार लावत होत्या! पुढे हा आकार वीजबिलात वेगळा दिसू लागला, तेव्हा मात्र ग्राहकांनी तक्रारी केल्या.

१९९५ मध्ये मुंबईतील उद्योगपतींनी 'बॉम्बे फर्स्ट' ही संस्था काढली. तिचा नमुना होता लंडनमधील उद्योजकांची 'लंडन फर्स्ट' ही १९९२ ची संस्था. या दोन संस्थांची वाटचाल शेजारी ठेवून पाहण्याजोगी आहे.

लंडनच्या मध्यभागी, सुमारे २१ चौरस किलोमीटरच्या भागात, १७ फेब्रुवारी २००३ पासून कामाच्या दिवशी मोटारीमागे रोज पाच पौंड शुल्क सुरू झाले. महापौर होते केन लिव्हिंगस्टन, डाव्या विचारांचे. 'लंडन फर्स्ट'चे उद्योजक त्यांचे राजकीय मित्र नव्हेत; तरीही त्यांनी या योजनेच्या तत्त्वाला पाठिंबा दिला. कारण रोकडे होते. कोंडीत अडकलेली मालमोटार आणि उशिरा येणारा कारकून यांचा खर्च शेवटी मालकाच्याच खात्यावर पडतो. शिवाय शुल्काची निव्वळ रक्कम वाहतुकीवरच खर्च करण्याचे बंधन कायद्यात होते, आणि पहिल्याच दिवशी सुमारे ३०० जादा बस रस्त्यावर आल्या. पहिल्या वर्षात त्या भागात येणारी वाहने सुमारे १८ टक्क्यांनी घटली. सगळेच व्यापारी खूष होते असे नाही. ऑक्सफर्ड स्ट्रीटवरील एका मोठ्या दुकानाने विक्री घटल्याची तक्रार केलीच. पुढे शहराखालून जाणाऱ्या क्रॉसरेल या रेल्वेसाठी मोठ्या व्यावसायिक जागांवर एप्रिल २०१० पासून अधिभार बसला. ती रेल्वे हवी म्हणून उद्योजक वर्षानुवर्षे मागे लागले होते. २०२२ मध्ये ती धावू लागली.

'बॉम्बे फर्स्ट'नेही मॅकिन्झी कंपनीबरोबर २००३ मध्ये मुंबईचा आराखडा मांडला. त्यात लोकल आणि बस वाढवण्याची मागणी होती, आणि दहा वर्षांत सुमारे दोन लाख कोटी रुपयांच्या गुंतवणुकीची भाषा होती. मागणी योग्यच होती. पण पट्टी कोणी भरायची, हा प्रश्न मुंबईत मागेच राहिला. दक्षिण मुंबईत मोटारींवर गर्दी शुल्क लावावे अशी सूचना अनेकदा पुढे आली, अमलात कधीच आली नाही. गर्दी कमी करण्यासाठी हलवले गेले ते घाऊक बाजार. फळे-भाजीपाल्याचा बाजार १९९६ मध्ये तुर्भ्याला गेला, आणि इंदापूरच्या डाळिंबांची वाटही त्याबरोबर बदलली.

मुंबईच्या वेशीवर २००२ पासून टोल घेतला जाऊ लागला खरा. पण तो होता उड्डाणपुलांचा खर्च वसूल करण्यासाठी. ज्या पैशातून लंडनने बस वाढवल्या, तसल्याच पैशातून आपण मोटारींना आणखी जागा करून दिली. पाणीपट्टी घ्यायची आणि त्यातून वरच्या अंगालाच नवी चारी खणायची, असा हा प्रकार आहे, असे आम्हाला वाटते. त्यामुळे टोलविषयी लोकांना आपुलकी वाटावी तरी कशी? बसमध्ये उभ्या असलेल्या माणसाला त्यातून काय मिळाले, हे त्याला कधीच दिसले नाही.

ऑक्टोबर २०२४ मध्ये पाचही नाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल माफ झाला. मालाच्या ट्रकांना ही सवलत मिळाली नाही. त्यानंतर सात महिन्यांनी, मे २०२५ मध्ये, बेस्टच्या साध्या बसचे किमान भाडे पाच रुपयांवरून दहा रुपये झाले.