ऐलतीरावरची नौका

पुणे-नाशिक रस्त्याने भोसरी मागे टाकून मोशीच्या पुढे गेले की इंद्रायणीचा पूल लागतो. पुलावरून चाकणच्या कारखान्यांचा माल वाहणारे कंटेनर चाललेले असतात. त्यांच्या पोलादी पेट्यांवर दूरदेशीच्या जहाज कंपन्यांची नावे रंगवलेली असतात आणि त्यांतल्या अनेक पेट्या घाट उतरून न्हावा शेवाच्या बंदरात बोटीवर चढायच्या असतात. खाली नदीच्या पात्रात मात्र नाव सहसा दृष्टीस पडत नाही. या पुलाच्या वरच्या अंगाला देहू आहे, खालच्या अंगाला आळंदी. भवसागर, पैलतीर, तारू, नावाडी हे शब्द मराठी माणसाच्या तोंडी रुळले ते मुख्यतः या दोन गावांशी जोडलेल्या काव्यामुळे. समुद्र ज्यांच्या रोजच्या जगण्यात नव्हता, अशा पठारावरच्या समाजाने नौकेचे रूपक इतक्या जिव्हाळ्याने का सांभाळले असावे, असा प्रश्न पुलावर उभे राहिले की मनात येतो.

जगाच्या पुराणकथांतील नौका पाहिल्या तर त्यांच्यात स्थूलमानाने दोन जाती आढळतात. शतपथ ब्राह्मणातील मनूची नौका माशाच्या शिंगाला बांधलेली असते आणि प्रलयातून ती उत्तरेच्या पर्वताला लागते. बायबलातील नोहाचे तारू अराराताच्या डोंगरावर टेकते. ग्रीकांचा खेरॉन मृतांना नदीपार नेतो. बुद्धाने सांगितलेल्या दृष्टांतातील तराफा तर पलीकडे पोहोचल्यावर डोक्यावर वाहून न्यायचा नसतो, तीरावरच सोडून द्यायचा असतो. या साऱ्या उताराच्या नौका होत. त्यांना दोनच तीर ठाऊक असतात आणि मधले पाणी हे केवळ संकट असते. दुसरी जात सफरीच्या नौकांची. ओडिसिअसचे गलबत, सोनेरी लोकर आणायला निघालेले ‘आर्गो’, सिंदबादची जहाजे या त्या नौका. त्यांच्या कथेत पोहोचण्यापेक्षा वाटेत काय भेटले याला अधिक महत्त्व असते. मराठी कल्पनाविश्व शतकानुशतके पहिल्या जातीच्या नौकेत बसून राहिले, असे माझे निरीक्षण आहे.

याचे सर्वांत समृद्ध उदाहरण ज्ञानेश्वरीत सापडते. शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली सिद्ध झालेल्या या ग्रंथाच्या सातव्या अध्यायात, माया तरून जाण्यास दुस्तर आहे असे सांगणाऱ्या गीतेच्या चौदाव्या श्लोकावर ज्ञानदेवांनी मायानदीचे दीर्घ रूपक उभे केले आहे. ब्रह्मरूपी पर्वतावर उगम पावलेल्या या नदीला गुणांच्या वृष्टीने पूर येतो. तो पार करण्याची माणसांची धडपड ज्ञानदेव बारकाईने, काहीशा मिस्कीलपणेही वर्णितात. कोणी स्वतःच्या बुद्धीच्या भरवशावर हात मारीत पाण्यात शिरतो आणि त्याचा पत्ताच लागत नाही. कोणी तीन वेदांची सांगड बांधतो, पण सोबत अहंभावाची धोंड घेतो आणि गर्वाच्या माशाच्या तोंडी जातो. ‘सांगड’, ‘तरांडे’, ‘कास’ हे शब्द पट्टीचे पोहणारे आणि नदी उतरून जाणारे यांच्या व्यवहारातले आहेत. हे रूपक बंदरावर नव्हे, घाटावर घडलेले आहे. सद्गुरू पुढे असला आणि आत्मनिवेदनाचे तरांडे हाती आले तर पलीकडची थडी गाठता येते, हे ज्ञानदेव सांगतातच. परंतु त्याच ठिकाणी ते आणखी एक विलक्षण गोष्ट सांगून जातात: ज्यांनी सर्वभावे भजन केले, त्यांच्यापुरते मायेचे पाणी अलीकडच्या तीरावरच संपते. तिथे नौकाच अनावश्यक ठरते.

देहूच्या आख्यायिकेतही असाच तीर आहे. तुकोबांच्या अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवल्या गेल्या, तुकोबा तेरा दिवस काठावर धरणे धरून बसले आणि वह्या कोरड्या वर आल्या, ही कथा सर्वश्रुत आहे. तिच्याकडे नौकेची कथा म्हणून पाहता येते. इथे पाण्यातून तरून येते ती कविता, आणि कवी ऐलतीरावर तिची वाट पाहतो.

सह्याद्रीच्या पलीकडे, कोकणात, खरी जहाजे होती. बोरिवलीजवळच्या एकसर येथील वीरगळांवर वल्ह्यांच्या नौकांची झुंज कोरलेली आहे. काही अभ्यासक ती 1265 च्या सुमारास यादव महादेव आणि शिलाहार सोमेश्वर यांच्यात झालेल्या युद्धाशी जोडतात; काही तिचा काळ याहून आधीचा मानतात. या शिळा खालून वर वाचायच्या असतात. खालच्या पट्ट्यांत नौका आणि पाण्यात पडलेली माणसे, तर सर्वांत वर कैलासात पोहोचलेला वीर. प्रत्यक्ष युद्धनौकाही शिल्पात आली की उताराचीच नौका होते.

पण घराघरांत पोहोचलेली नौकाकथा वेगळीच आहे. सत्यनारायणाच्या पोथीतील साधुवाणी व्यापार करून जावयासह परततो. नावेत काय आहे असे दंडी संन्याशाने विचारताच तो लता-पत्रे आहेत असे खोटे सांगतो, आणि खरोखरच धनाच्या जागी पाने-वेली होतात. पुढे त्याची मुलगी कलावती पतीच्या ओढीने प्रसाद न घेताच धावत निघते, तेव्हा घरच्या किनाऱ्याशी आलेली नाव पतीसह दिसेनाशी होते. या कथेत परदेशाचे वर्णन जवळजवळ नाही, समुद्राचेही नाही. सारा जीव गुंतला आहे तो नाव घरी लागण्यात. बौधायन धर्मसूत्राने समुद्रप्रवासाची गणना पातकांत केली होती. निघण्याविषयी असा धाक असलेल्या परंपरेत परतण्याची कथा रुजावी, हे स्वाभाविकच म्हटले पाहिजे.

ही नौका वळली ती विसाव्या शतकात. 1909 साली ब्रायटनच्या किनाऱ्यावर सावरकरांनी लिहिलेल्या कवितेत सागर हा परत न्यायचे वचन मोडणारा ठरतो. परतण्याची जुनी ओढ कायम आहे, पण आता दोन तीरांमधले अंतर खरे आहे आणि ते ओलांडायला देवाची कृपा पुरेशी नाही. त्यानंतर कुसुमाग्रजांची ‘कोलंबसाचे गर्वगीत’ ही कविता येते. 1942 च्या ‘विशाखा’त ती आहे. तिने जुन्या रूपकाची मांडणीच उलटी केली. संतांच्या काव्यात सागर अपार असतो आणि माणूस किनारा शोधतो. कुसुमाग्रजांच्या कोलंबसाला किनाऱ्याची मर्यादा समुद्राचीच वाटते, माणसाच्या आकांक्षेला ती लागू नाही. मराठीला सफरीची नौका मिळाली ती अशी उशिरा, आणि तीही एका परक्या दर्यावर्दीच्या नावाने.

आता पुन्हा भोसरीकडे यावे. 1962 साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पुढे या परिसरात कारखाने वाढले. मराठवाडा, खानदेश, विदर्भ आणि परप्रांतांतून माणसे इथे आली. त्यांची सफर ओडिसिअसच्या सफरीइतकीच अनिश्चित होती, पण आपल्या भाषेने त्यांच्या हाती दिले ते उताराचेच शब्द. कायमची नोकरी लागली की माणूस ‘तरला’ म्हणतात, मुलीचे लग्न झाले की ‘पार पडले’ म्हणतात. गाव सोडताना काय सुटले, हे सांगायला या रूपकात जागा नाही. नव्या घराच्या वास्तुशांतीला सत्यनारायण होतो, पोथीतली नाव दर वेळी सुखरूप घरी लागते, आणि ऐकणाऱ्यांपैकी अनेकांचे घर कोणत्या तीरावर आहे हा प्रश्न तसाच राहतो.

म्हणून मला वाटते, कोलंबसाने आपल्याला निघण्याचे धैर्य दिले, तरी ज्ञानदेवांचा ऐलतीर आपल्याला अजून हवा आहे. पाणी याच काठावर संपावे, जिथे आहोत तिथेच पोहोचलेले असावे, ही अपेक्षा कोलंबसाच्या गर्वापेक्षा कठीण आहे. आळंदीला अलीकडच्या वर्षांत इंद्रायणीच्या पाण्यावर वारंवार पांढरा फेस तरंगताना दिसला आहे. वारकरी त्याच पाण्यात स्नानाला उतरतात. त्यांना पैलतीराला जायचे नसते. त्यांची आळंदी याच काठाला आहे.