हेळवी
हेळवी हा दक्षिण महाराष्ट्र व उत्तर कर्नाटकातील, वंशावळी सांगणारा परंपरागत भटका समाज आहे. पूर्वी हेळवी बैलावर बसून ठरलेल्या गावांतील यजमान कुटुंबांकडे फेरीवर जात. कुटुंबाचे मूळ गाव, कुलदैवत, पूर्वजांची नावे, स्थलांतराची हकिगत व भाऊबंदांच्या शाखा ते घरच्या मंडळींसमोर सांगत आणि मागील फेरीनंतर जन्मलेल्यांची नावे वहीत नोंदवून घेत. मोबदला धान्य, कपडे किंवा रोख स्वरूपात मिळे. यजमान घराणी हेळव्यांमध्ये वंशपरंपरेने वाटलेली असल्याने एका घराण्याची माहिती बहुधा एकाच हेळवी कुटुंबाकडे असते. त्या कुटुंबाने व्यवसाय सोडल्यास किंवा वही नष्ट झाल्यास यजमानाला आपल्या मूळ गावाचा माग लावणे कठीण होते.