उतरायचे कुठे, जेवायचे कुठे?

परगावी निघालेल्या माणसाला दोन प्रश्न आधी पडतात. उतरायचे कुठे आणि जेवायचे कुठे? युरोपात याची उत्तरे छापून देण्याची रीत जुनी आहे. फ्रान्समधील मिशेलिन या टायर कंपनीने १९०० साली मोटारवाल्यांसाठी मार्गदर्शिका काढली आणि १९२६ पासून ती उत्तम उपाहारगृहांना तारे देऊ लागली. चव कशी, सोय कशी, दर किती, एवढेच तिचे निकष. आपल्याकडे मात्र या दोन प्रश्नांच्या आधी तिसराच प्रश्न उभा असे. तुम्ही कोण?

पुणे शहराचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. पेठांमध्ये शिकायला आलेला गरीब ब्राह्मण विद्यार्थी वार लावून जेवत असे. पुढे खाणावळी निघाल्या. ही सोय जातीच्या आत होती. १८५८ साली खंडाळा-पुणे रेल्वे सुरू झाली, १८६३ साली बोरघाट ओलांडून मुंबई जोडली गेली आणि अनोळखी माणसे एका बाकावर बसू लागली. पण गाडीतून उतरले की स्टेशनवर ‘हिंदू पाणी’ आणि ‘मुस्लिम पाणी’ वेगळे. तहान एकच, घागरी दोन! आणि दलितांना तर दोन्हीकडे हात आखडता.

पेठेतल्या माणसाने भलत्या ठिकाणी चहा घेतला तर काय होई, हे १८९० साली दिसले. पंचहौद मिशनमध्ये झालेल्या सभेत चहा-बिस्किटे आली. सभेला न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावे ‘पुणे वैभव’ या पत्रात प्रसिद्ध करवली आणि ग्रामण्य उभे राहिले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. १८९२ साली रानड्यांसारख्या विद्वानालाही प्रायश्चित्त घ्यावे लागले. कप चहाचा होता, पण हिशेब धर्माचा झाला.

ही कोंडी फोडण्यात परिषदा आणि ठराव यांच्याइतकाच वाटा इराण्यांच्या हॉटेलांचाही आहे, असे मला वाटते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून यझ्द आणि आसपासच्या भागातून इराणी मंडळी मुंबई-पुण्याला आली. त्यांत जरथुष्ट्री होते, तसेच मुसलमानही होते. दगडी टेबल, लाकडी खुर्ची, बनमस्का आणि चहा. डेक्कन जिमखान्यावरचे ‘गुडलक’ १९३५ साली हुसेन अली यक्षी यांनी काढले आणि ते आजही चालू आहे. समोरचेच ‘लकी’ बंद झाले, कॅम्पातले ‘नाझ’ही गेले. फर्ग्युसनचा विद्यार्थी, नाटकवाला, कारकून, रिक्षावाला हे सारे तिथे एका टेबलाला आले. इराण्याने कुणाला उपदेश केला नाही. त्याने फक्त गिऱ्हाइकाची जात विचारली नाही.

पण या इतिहासात आपण केवळ दुसऱ्याचे दोष मोजून चालणार नाही. १९१७ साली परदेशातून शिकून आलेले डॉ. आंबेडकर बडोद्यात नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्यांना कुणी जागा देईना. अखेर नाव लपवून ते पारशी धर्मशाळेत राहिले आणि अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. न्यूयॉर्क-लंडनमध्ये मिळालेली खोली स्वदेशात मिळाली नाही. पुढे १९३४ साली ते सहकाऱ्यांसह दौलताबादचा किल्ला पाहायला गेले. रमजानचा महिना होता. हौदावर हातपाय धुतले म्हणून ‘हौद बाटवला’ अशी ओरड झाली, आणि ओरडणारे मुसलमान होते. ‘आमच्या दस्तरखानावर भेदभाव नाही’ असे आपण अभिमानाने म्हणतो. हे दोन्ही प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहेत. ते वाचल्यावर तो अभिमान जरा जपून मिरवावा लागतो.

युरोपही सोवळा नव्हता. वेस्ट इंडीजचे क्रिकेटपटू लिअरी कॉन्स्टंटाइन यांना १९४३ साली लंडनच्या इम्पिरियल हॉटेलने काळ्या रंगामुळे राहू दिले नाही. त्यांनी दावा लावला आणि १९४४ साली जिंकला. भरपाई मिळाली अवघी पाच गिनी. पण तो निकाल आजही सांगितला जातो.

आपल्या राज्यघटनेने हा प्रश्न कोर्टाच्या मर्जीवर सोडला नाही. १९५० पासून कलम १५(२) सांगते की धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांत प्रवेश नाकारता येणार नाही. नाव लपवून धर्मशाळेत राहावे लागलेला माणूस घटनेच्या मसुदा समितीचा अध्यक्ष होता, हे हे कलम वाचताना विसरू नये.

आज पुण्यात येणारा पाहुणा मोबाइलवर तारे पाहून हॉटेल ठरवतो. खोलीचे भाडे भरले की किल्ली मिळते. पण हाच पाहुणा नोकरीनिमित्त कायमचा राहायला आला, भाड्याचे घर शोधू लागला, की नाव सांगितल्यावर अनेक दारांत जुना तिसरा प्रश्न पुन्हा भेटतो. त्या कलमात राहत्या घराचा उल्लेख नाही. हॉटेलातल्या टेबलापर्यंत पोहोचायला या शहराला काही पिढ्या लागल्या. घराच्या उंबऱ्यापर्यंतचे अंतर अजून चालायचे आहे, आणि ते चालताना आपल्या मोहल्ल्यातही कुणाला घर नाकारले जात नाही ना, हे आपणच पाहायचे आहे.