सातबारावरचा दंड

गेल्या रमजानच्या आधीची गोष्ट. पाटसमधल्या एका चाचांनी मला सातबारा वाचायला दिला. त्यांचा भाऊ वारला होता, वारसनोंद करायची होती. 'इतर अधिकार' या रकान्यात एक ओळ होती, न्यायालयाच्या दंडाचा बोजा. बांधावरच्या मारामारीत भावाला शिक्षा झाली होती आणि दंडातली काही रक्कम जखमी माणसाला द्यायची होती. चाचांनी विचारलं, "सर, आदमी गया, फिर ये कागज पे कायकू रह्या?"

मी भाषा शिकवणारा माणूस, वकील नव्हे. पण प्रश्नानं झोप उडवली, म्हणून वाचत गेलो.

आपल्या मुलखात दंड आणि जमीन यांचं नातं इंग्रजांच्याही आधीचं आहे. मराठेशाहीत वतनाचा तंटा जिंकणारा सरकारात हरकी भरायचा आणि हरणारा गुन्हेगारी. होय, गुन्हेगारी म्हणजे तेव्हा चक्क दंडाची रक्कम. फारसीतून आलेला हा शब्द पुढे मराठीत रकमेचा न राहता कृत्याचा झाला. ही रक्कम जमत नसली की अर्धी पाटीलकी विकायची वेळ यायची. एकाच्या चुकीपायी पुढच्या पिढ्यांचा मान निम्मा व्हायचा.

मग १२ मे १८७५. पाटसहून जवळच, तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातल्या सुप्यात बाजाराच्या दिवशी कुणब्यांनी सावकारांची खतं आणि वह्या जाळल्या. कागद जळला की कर्ज जळेल, असा तो हिशेब होता. सरकारनं धरपकड केली आणि दंगलीच्या गावांवर शिक्षेची पोलीस ठाणी बसवली. त्यांचा खर्च गावकऱ्यांच्या माथी. ज्यानं काडी लावली त्याच्याही आणि जो घरात बसला होता त्याच्याही. १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा नंतर आला. मला मात्र त्या ठाण्यांचंच जास्त वाटतं. कर्जाचा कागद जाळणाऱ्यांच्या नावावर नवं देणं चढलं, आणि तेही न्यायाच्या नावानं.

चाचांचं उत्तर १८६० च्या भारतीय दंड संहितेत सापडलं. कलम ७० सांगतं, गुन्हेगार मेला तरी त्याच्या कर्जाला जी मालमत्ता बांधलेली असते ती दंडातून सुटत नाही. कैद माणसाबरोबर कबरीत जाते, दंड शेतात राहतो. १९२३ च्या दुरुस्तीनं फौजदारी दंडाला दिवाणी रूप दिलं. कोर्टाचं वॉरंट जिल्हाधिकाऱ्याकडे जायचं, ते हुकूमनामा समजलं जायचं आणि जिल्हाधिकारी जणू सावकार. १९७३ च्या संहितेत कलम ४२१ नं तो फेरा सोडून सरळ जमीन महसुलाची थकबाकी म्हणून वसुली सांगितली. १ जुलै २०२४ पासून नवी संहिता आली, वाट तीच आहे. (महसूल आणि वसूल या शब्दांचं यमक जुळतं, पण अरबी मुळं वेगळी. वर्गात मुलं इथे हमखास चुकतात.)

त्यात एक बारकावा आहे. दंडाऐवजी सांगितलेली कैद पूर्ण भोगली असेल तर एरवी कोर्ट वसुलीचं वॉरंट काढत नाही, खास कारण लेखी द्यावं लागतं. मात्र दंडातून जखमी माणसाला भरपाई द्यायची असेल तर काढता येतं. सरकारचा हिशेब तुरुंगात फिटू शकतो, जखमी माणसाचा फिटत नाही. हा फरक कायद्यानं केला, हे मला बरं वाटलं.

चाचांना हे सांगितलं तेव्हा त्यांचा पुतण्या चिडला. "अब्बा की गलती, हम क्यूं भरें?" मी कायदा बाजूला ठेवला. जनाज्याच्या नमाजेआधी तूच उभा राहून म्हणालास ना, की अब्बांकडे कुणाचं देणं असेल तर माझ्याकडे या? वाटणी कर्ज फिटल्यावरच होते, हे त्याला मी शिकवायची गरज नव्हती. तुझ्या खिशातून नाही, त्यांच्या जमिनीतून, एवढंच म्हणालो.

तो काही बोलला नाही. आठवड्यानं चाचांचा फोन आला. पोरगा कोर्टात पैसे भरून आलाय, पावती तलाठ्याला दिलीय. बोजा कमी केल्याचा फेरफार अजून मंजूर व्हायचाय.