जोशी, मानसी

जोशी, मानसी गिरीशचंद्र : (११ जून १९८९– ). भारतीय पॅरा-बॅडमिंटनपटू, महिला एकेरीच्या एसएल-३ गटातील २०१९ च्या जगज्जेत्या. जन्म राजकोटचा, पण लहानपण मुंबईच्या अणुशक्तीनगरात गेले. वडील भाभा अणुसंशोधन केंद्रात होते; बॅडमिंटनचे पहिले धडे त्यांनीच दिले. के. जे. सोमय्या महाविद्यालयातून इलेक्ट्रॉनिक्समधील अभियांत्रिकीची पदवी घेऊन मानसी सॉफ्टवेअर क्षेत्रात नोकरीला लागल्या. डिसेंबर २०११ मध्ये दुचाकीवरून कामाला जाताना ट्रकची धडक बसली व त्यांचा डावा पाय कापावा लागला. कृत्रिम पाय बसवल्यावर त्या पुन्हा खेळू लागल्या. २०१५ मध्ये जागतिक स्पर्धेत मिश्र दुहेरीचे रौप्यपदक मिळाले. २०१८ पासून हैदराबादच्या गोपीचंद अकादमीत सराव सुरू झाला.

एसएल-३ हा पायांत अधिक दोष असूनही उभ्याने खेळणाऱ्यांचा गट. त्यातील एकेरीचा सामना अर्ध्या कोर्टवर होतो. त्यामुळे खेळ सोपा होतो हा समज चुकीचा आहे : रुंदी घटली, तरी पुढून मागे धावणे तेवढेच राहते आणि कृत्रिम पायावर मागे सरकणे हीच खरी परीक्षा असते.

ऑगस्ट २०१९ मध्ये बासेल येथे बॅडमिंटन व पॅरा-बॅडमिंटन या दोन्ही जागतिक स्पर्धा एकत्र भरल्या. मानसी यांनी अंतिम सामन्यात भारताच्याच पारुल परमार यांना हरवले. पी. व्ही. सिंधू यांनीही तेथेच सुवर्णपदक मिळवले आणि देशभर जल्लोष झाला तो सिंधूंचा. मानसी यांच्या विजयाची दखल बऱ्याच जणांनी उशिरा घेतली. पुढे २०२० मध्ये मॅटेल कंपनीने त्यांच्यासारखी कृत्रिम पाय असलेली बार्बी बाहुली घडवली. २०२२ चा अर्जुन पुरस्कारही त्यांना मिळाला.

वर्तमानपत्रांतून त्यांची कथा बहुधा अपघातापासून सुरू होऊन सुवर्णपदकाशी संपते. या मांडणीत खेळाडू मागे पडते आणि जिद्दीची मूर्ती तेवढी उरते. आड येणारे नियम तर दिसतच नाहीत. टोकियो पॅरालिंपिकमध्ये बॅडमिंटनचा प्रथमच समावेश झाला, १४ प्रकारांत. पुरुषांना एसएल-३ एकेरी होती, महिलांना नव्हती. म्हणजे जगज्जेतीला स्वतःच्या गटात खेळण्याची सोयच नव्हती. मानसी टोकियोला जाऊ शकल्या नाहीत. पारुल परमार गेल्या, पण एकेरीसाठी त्यांना एसएल-४ गटात, कमी दोष असलेल्या प्रतिस्पर्ध्यांशी आणि पूर्ण कोर्टवर खेळावे लागले. महिला खेळाडू कमी म्हणून प्रकार नाही असे अशा वेळी सांगितले जाते. प्रकारच नसेल तर एखाद्या मुलीच्या घरच्यांनी कृत्रिम पायावर आणि प्रवासावर पैसा कशाच्या भरवशावर घालायचा, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

पॅरिसमध्ये (२०२४) प्रकारांची संख्या १६ झाली. नव्या प्रकारांत महिलांची एसएल-३ एकेरी होती. मानसी यांचे आव्हान गटसाखळीतच संपले. त्याच प्रकारात नायजेरियाच्या मरियम एनिओला बोलाजी यांनी कांस्यपदक मिळवले. ऑलिंपिक व पॅरालिंपिक मिळून बॅडमिंटनमधले आफ्रिकेचे ते पहिले पदक होय.